नांगराचा बिल्ला आणि देवघरातली पंखांची बाई

दौंडला जुन्या सामानाचं एक दुकान होतं. आता ते नाही. वीसेक वर्षांपूर्वी त्या दुकानदारानं एक पत्र्याचा डबा माझ्यापुढं सरकवला. मी तेव्हा नाणी जमवत असे आणि डब्यात काही जुने रुपये असतील एवढीच माझी अपेक्षा होती. आत रेल्वेच्या गणवेशाची पितळी बटणं होती, कुलपं हरवलेल्या किल्ल्या होत्या, तुटलेल्या मण्यांच्या माळा होत्या आणि तळाशी टाचणीचा एक बिल्ला होता. आकारानं जुन्या रुपयापेक्षा थोडा लहान. शिंपल्याची पांढरी चकती, भोवती चांदीची बारीक कड, मध्ये गडद निळ्या मिन्याची फीत, फितीवर एच. एम. एस. ही तीन इंग्रजी अक्षरं आणि वर इवलासा मुकुट. "मेमसायबाची पिन आहे," दुकानदार म्हणाला. "कॉलनीतल्या एका घरातनं आलीय. चांदी थोडीच आहे, शिंपल्याचं काय येत नाही." चांदीच्या भावानं त्यानं ती मला दिली आणि माझ्या नाण्यांच्या छंदाला तिथून फाटा फुटला.

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांचा समुद्राशी संबंध काय, असं कुणी विचारील. आमच्याकडं पाणी म्हणजे घोडनदी आणि भीमा, तेही पावसाळ्यात. पण १८५८ साली मुंबईची रेल्वे पुण्याला आली, पुढं सोलापूरकडं गेली आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर दौंड जंक्शन झालं. इंजिनं आली, त्यांच्याबरोबर ड्रायव्हर, गार्ड, फिटर आले, अँग्लो-इंडियन कुटुंबांची वसाहत उभी राहिली. दोन्ही महायुद्धांत बंदरावर उतरलेला माणूस आणि माल याच रुळांवरून आत गेला. पहिल्या युद्धात अहमदनगरला जर्मन कैद्यांची छावणी होती, तिकडं जाणारा एक रस्ताही दौंडवरूनच होता. समुद्र आमच्याकडं आला तो असा, रेल्वेच्या डब्यातून.

सजणीचा बिल्ला

या प्रकारच्या दागिन्याला इंग्रजीत 'स्वीटहार्ट ज्वेलरी' म्हणतात. मी त्याला सजणीचा बिल्ला म्हणतो, पण तो आईला, बहिणीला, मुलीलाही दिला जाई. लढाईवर निघालेला शिपाई किंवा खलाशी आपल्या पलटणीचं किंवा आरमाराचं चिन्ह छोट्या दागिन्याच्या रूपात घरच्या बाईला देई आणि ती ते कोटाच्या कॉलरवर लावून हिंडे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, विशेषतः १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात, ही चाल ब्रिटनमध्ये पसरली. पहिल्या महायुद्धात तिला पूर आला आणि दुसऱ्या महायुद्धात तो पुन्हा एकदा आला.

यात गरीब-श्रीमंत सगळे होते. अधिकाऱ्याच्या बायकोसाठी सोन्यात हिरे जडवलेला बिल्ला बने, तर साध्या खलाशाच्या आईसाठी पितळेवर मिना चढवलेला, काही पैशांत मिळणारा. मधल्या पायरीवर चांदी, नऊ कॅरेटचं सोनं, सोन्याचा पत्रा चढवलेला हलका धातू, शिंपला आणि कासवाची पाठ. यातला फार मोठा माल बर्मिंगहॅम शहरातल्या सोनारांच्या वस्तीत ठसा मारून तयार होई. पोर्ट्समथ, प्लिमथ, चॅटम ही आरमाराची गावं. बोट सुटण्याआधी खलाशी तिथल्या दुकानातून तो घेई.

आरमारी बिल्ल्यांची काही ठरीव रूपं आहेत. एक नांगराचं, त्याला दोर गुंडाळलेला. दुसरं आरमारी मुकुटाचं. या मुकुटावर राजाच्या मुकुटासारखी रत्नं नसतात, जहाजाची शिडं आणि जहाजाचा मागचा भाग आळीपाळीनं कोरलेला असतो. तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत बोलकं, टोपीच्या फितीचं. खलाशाच्या गोल टोपीभोवती काळी रेशमी फीत असते, तिच्यावर त्याच्या जहाजाचं नाव विणलेलं असतं. तीच फीत, तिच्या गाठीसकट, मिन्यात उतरवून बाईसाठी बिल्ला केला जाई. म्हणजे त्याच्या कपाळावर जे नाव, तेच तिच्या छातीवर.

हे वाचताना मला आपला उखाणा आठवला. आपल्याकडं बाई नवऱ्याचं नाव एरवी घेत नाही, उखाण्यात घेते आणि त्यातही आधी दुसरंच काहीतरी सांगते. या बिल्ल्यावरही माणसाचं नाव नसतंच. असतं ते जहाजाचं. ओळखीच्या लोकांना तेवढं पुरे. रस्त्यानं जाणाऱ्या बाईच्या कॉलरवर तो पाहिला की समजे, हिचं माणूस पाण्यावर आहे.

दौंडच्या बिल्ल्यावर मात्र जहाजाचंही नाव नव्हतं. नुसतं एच. एम. एस. पहिल्यांदा मला वाटलं, स्वस्तातला माल असेल, कुणालाही चालावा म्हणून नाव गाळलं असेल. कारण वेगळं निघालं. दुसऱ्या महायुद्धात शत्रूला बंदरातल्या जहाजांचा पत्ता लागू नये म्हणून खलाशांच्या टोप्यांवरून जहाजांची नावं काढली गेली आणि फितीवर फक्त ती तीन अक्षरं उरली. बिल्ल्यानंही तेच केलं. जे नाव सांगण्यासाठी बिल्ला जन्मला, तेच सांगायची चोरी झाली. तरी बायकांनी तो लावला.

बिल्ला वाचायचा कसा

मी कुठल्या विद्यापीठात इतिहास शिकलो नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवार-बुधवार घालवून आणि मुंबईच्या चोरबाजारात फसून जे शिकलो ते इतकंच, की वस्तू आधी उलटी करून पाहावी. पुढची बाजू विकणाऱ्यासाठी असते, मागची शोधणाऱ्यासाठी.

मागं पाहायचं ते पहिलं म्हणजे टाचणी. जुन्या बिल्ल्यांत टाचणीचं टोक एका साध्या वाकड्या आकड्यात अडकतं, पुढच्या काळात त्याला फिरणारी कडी येते आणि टोक आपोआप सुटत नाही. दुसरं, चांदीवरचे शिक्के. चालणारा सिंह असेल तर शेकड्यात साडेब्याण्णव चांदी. त्याच्या शेजारी शहराची खूण आणि एक अक्षर, ज्यावरून साल काढता येतं. इथं नवशिक्या हमखास घसरतो, तसा मीही घसरलो. बर्मिंगहॅमच्या तपासणी कचेरीची खूण नांगर आहे! त्या शहराजवळ समुद्र नाही, तरी खूण नांगराची. आरमाराशी काडीचा संबंध नसलेली एक फुलाची पिन केवळ मागच्या नांगरामुळं मी चढ्या भावानं घेतली. ती अजून माझ्याकडं आहे, धडा म्हणून.

तिसरं, मुकुट. १९०१ नंतरच्या राजांच्या काळातला मुकुट आणि १९५३ नंतर राणी एलिझाबेथच्या काळातला मुकुट यांच्या कमानीत फरक आहे. पहिल्याच्या कमानी सरळ गोलाईनं येतात, दुसऱ्याच्या मध्यावर दबलेल्या असतात. दबलेल्या कमानीचा बिल्ला कुणी 'महायुद्धातला' म्हणून देत असेल तर नमस्कार करून पुढं जावं. चौथं, माल. चांदीची चणचण झाली तेव्हा दुसऱ्या युद्धात प्लॅस्टिक आलं आणि विमानांच्या काचेसाठी वापरलं जाणारं पर्स्पेक्सही. त्याचे तुकडे कानशीनं घासून, हृदयाच्या आकारात कापून, मध्ये छोटं चिन्ह बसवून लोकांनी हातानं बिल्ले केले. असा ओबडधोबड बिल्ला बाजारात कमी भावाचा, पण त्याच्यावर कानशीचे ओरखडे असतात आणि ते एखाद्या माणसाच्या रिकाम्या दुपारीचे असतात. मला तो सोन्याच्या बिल्ल्याहून जवळचा वाटतो.

नकलाही पुष्कळ. टोपीचं चिन्ह किंवा गणवेशाचं बटण घेऊन मागं टाचणीला डाख लावला की झाला बिल्ला. पंचाईत अशी, की त्या काळच्या खलाशांनीही नेमकं हेच केलेलं आहे. मग डाखाचा रंग पाहायचा, त्याच्यावर बसलेली मळी पाहायची. शिंपला खरा की प्लॅस्टिक हे गालाला लावून कळतं. खरा शिंपला गार लागतो.

आपल्याकडचं आरमार

आपल्या बायकांच्या वाट्याला असा बिल्ला आला का, हा प्रश्न मला लवकरच पडला. हिंदी पलटणींच्या चिन्हांचे बिल्ले बनत होते, पण ते लावत होत्या त्या पलटणींतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बायका.

खलाशी मात्र आपले पुष्कळ होते. रॉयल इंडियन मरीनमध्ये रत्नागिरीकडच्या कोकणी माणसांची, त्यातही मुसलमान घराण्यांची, भरती पिढ्यान्‌पिढ्या होती. २ ऑक्टोबर १९३४ ला या दलाचं रॉयल इंडियन नेव्ही झालं. १९३९ मध्ये त्यात दोन हजारांच्या आत माणसं होती, १९४५ पर्यंत ती पंचवीस हजारांपलीकडं गेली आणि घाटावरची मुलंही बोटीवर चढली. आमच्या पुणे जिल्ह्यातच, लोणावळ्याला, फेब्रुवारी १९४५ मध्ये या आरमाराची 'शिवाजी' ही यंत्रशाळा सुरू झाली. या खलाशांच्या फितीवर एच. एम. आय. एस. अशी चार अक्षरं असत. वर्षभरात, १८ फेब्रुवारी १९४६ ला, मुंबईच्या 'तलवार'वर त्याच फितीच्या पोरांनी बंड केलं आणि २६ जानेवारी १९५० ला ती चार अक्षरं जाऊन आय. एन. एस. ही तीन आली.

मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या युद्धात समुद्रात गेलेल्या, ज्यांना कबर नाही की समाधी नाही अशा दोन हजारांवर हिंदी खलाशांचं स्मारक तिथं आहे. दुसऱ्या युद्धातल्या खलाशांची संख्या साडेसहा हजारांच्या जवळ जाते. यात लढाऊ जहाजांवरचे थोडे, मालवाहू बोटींवर कोळसा ओढणारे, इंजिनाला तेल घालणारे पुष्कळ. त्यांच्या बायकांना नांगराचा बिल्ला कुणी दिला नाही. त्यांना मनीऑर्डर आली, आणि मग एक दिवस ती यायची थांबली.

घाटावर गोष्ट आणखी मुकी आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी दिसते. या गावातून महायुद्धाला इतकी माणसं गेली, त्यांपैकी इतकी कामी आली. आकडे आहेत, नावं नाहीत.

मग युद्ध आपल्या बाईच्या अंगावर आलं कशाच्या रूपात? माझं उत्तर आहे, चांदीच्या. पलटणीतला पगार रुपयात येई. जुना राणीछाप, राजाछाप रुपया बरोबर एक तोळ्याचा आणि बारातले अकरा भाग चांदीचा. तोच आटवून तोडे, वाळे, गोठ होत. १९४० मध्ये सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. त्याच वर्षी एक रुपयाची कागदी नोटही पुन्हा आली. युद्ध सुरू झाल्याचं आमच्या सराफांना वर्तमानपत्रापेक्षा कसोटीच्या दगडावर आधी समजलं असणार. आणि चांदीचा आणखी एक मोठा तुकडा घरोघर होता, तो म्हणजे पदक.

पदकाची मोड

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश वॉर मेडल नावाचं पदक दिलं गेलं. चांदीत सुमारे पासष्ट लाख निघाली. मजूर आणि नोकर तुकड्यांसाठी ब्राँझची एक लाखावर वेगळी. चांदीच्या पदकाचं वजन सुमारे एक औंस, म्हणजे आपले अडीच-पावणेतीन तोळे. एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष. पदकाच्या कडेवर त्या शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. बिल्ल्यावर जे कधीच नसतं ते पदकाच्या कडेवर असतं. आणि नेमकं तेच सोनाराच्या मुशीत पहिल्यांदा वितळतं.

आमच्या घरी ते पदक होतं. माझे आजोबा पहिल्या लढाईत बसऱ्याला गेले होते, एवढंच घरात ठाऊक. शिरूरला आजही रेल्वे नाही, तेव्हा ते घरून पायी निघाले असणार. १९८० च्या जानेवारीत चांदीचा भाव भडकला. अमेरिकेत हंट बंधूंनी चांदीची साठेबाजी केली होती आणि तिची झळ आमच्या सराफाच्या गादीपर्यंत आली. विहिरीवरच्या मोटारीचे पैसे द्यायचे होते. वडील पदक घेऊन निघाले, बरोबर मी. दहा वर्षांचा होतो. इंग्रजी अक्षरं नुकतीच ओळखू लागलो होतो. घोड्यावरचा उघडा माणूस पाहून हसलो, हे पक्कं आठवतं. कडेवरची अक्षरं वाचली नाहीत, हेही. सराफानं वजन केलं, मोड म्हणून घेतली, पैसे मोजून दिले. मोटार बसली, दोन एकर भिजलं. वडिलांनी चूक केली असं मी कधी म्हणालो नाही आणि आजही म्हणणार नाही. पण माझ्या छंदाच्या मुळाशी ती सकाळ आहे, हे मला बिल्ले जमवायला लागल्यावर पुष्कळ वर्षांनी कळलं. बर्मिंगहॅमच्या एका अक्षरावरून मी कुठल्याशा परक्या बाईच्या पिनेचं साल काढत होतो आणि माझ्या आजोबांचा नंबर मला माहीत नव्हता.

त्या पदकाबरोबर दुसरंही एक मिळालेलं असतं, व्हिक्टरी मेडल. ते ब्राँझचं. सराफानं ते परत सरकवलं होतं, "याचं काय येणार?" आजीनं ते उचललं. त्याच्यावर विजयाची देवता आहे, पंख पसरून उभी. आजीनं ती देवी ठरवली आणि देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवली. रोज कुंकू, दर दिवाळीला चिंच लावून घासणं. शिरूरकरांना याचं नवल वाटू नये. आमच्या गावात कर्नल वॉलेस या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. तो १८०९ साली वारला. शंभर वर्षं व्हायच्या आत लोकांनी त्याला सत्पुरुष करून टाकलं होतं आणि सुगीला त्याच्यापुढं नव्या धान्याचा नैवेद्य ठेवत होते, अशी १८८५ च्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे. परक्याची वस्तू आली की आपण तिला जवळच्या कोनाड्यात बसवतो.

आजी गेली, देवघर राहिलं. मी नांगराचे बिल्ले भिंगाखाली धरत होतो आणि पंखांची बाई दहा पावलांवर कुंकवानं माखलेली उभी होती. एका दिवाळीत आई देव घासत असताना ती तिच्या हातून निसटली आणि कडेवर टेकून गोल फिरली. कडेवर काहीतरी आहे हे मला त्या क्षणी दिसलं.

पन्नास-साठ वर्षांच्या चिंचेनं अक्षरं झिजली होती. भिंग, तिरका उजेड आणि बारीक भुकटी चोळून जे वाचता आलं ते असं : नंबरातले शेवटचे तीन आकडे, 'शिपाई' हा हुद्दा, आजोबांच्या नावाची पहिली तीन अक्षरं आणि पलटणीचा आकडा, ११०.

एकशेदहावी मराठा लाइट इन्फन्ट्री ही सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमधली. नोव्हेंबर १९१४ मध्ये ही डिव्हिजन मुंबईहून समुद्रमार्गे इराकच्या तोंडाशी उतरली. ६ नोव्हेंबरला फावच्या किनाऱ्यावर पहिली तुकडी उतरवताना तिथल्या किल्ल्यावर तोफा डागल्या त्या 'ओडिन' या ब्रिटिश जहाजानं, आणि पाठीशी 'ओशन' ही मोठी युद्धनौका होती. पंधरवड्यानं बसरा पडलं. पुढं हीच डिव्हिजन कूतला वेढली गेली. १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर, २९ एप्रिल १९१६ ला, उपाशी माणसांनी हत्यारं खाली ठेवली. घोड्याचं मांस खायला आपले शिपाई शेवटच्या दिवसांपर्यंत तयार नव्हते. आजोबा या विषयावर कधी एक शब्द बोलले नाहीत.

'ओशन'वरच्या कुणा खलाशाच्या बाईनं प्लिमथच्या रस्त्यात फितीचा बिल्ला लावला असेल. मार्च १९१५ मध्ये ते जहाज दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत बुडालं. तोवर माझे आजोबा बसऱ्याच्या चिखलात होते. दोघांची माणसं एकाच मोहिमेत, एकाच पाण्यावर. एकीनं जहाजाचं नाव जगाला दाखवलं. आमची आजी पुढं त्या घरात आली आणि नवऱ्याचं नाव कोरलेली चकती तिनं देवी म्हणून पुजली. त्या कडेवर नवऱ्याचं नाव आहे हे तिला कुणी सांगितलं नाही. आणि रोज हात लावून, दर दिवाळीला घासून, तिनंच ते हळूहळू पुसलं.

आता माझ्याकडं तीसेक बिल्ले आहेत, पण नवे घेणं मी जवळजवळ थांबवलं आहे. त्याऐवजी शिरूर, न्हावरा, केडगाव, दौंड या पट्ट्यातल्या सराफांकडं फेरी मारतो. मोडीत एखादं पदक आलं तर आटवण्याआधी मला कडेवरचा मजकूर उतरवून घेऊ द्या, एवढीच विनंती करतो. काही हसतात, काही फोन करतात. वही अजून पातळच आहे. दुसऱ्या युद्धातली पदकं चांदीची नव्हती, म्हणून ती पेट्यांमधून टिकली आहेत आणि हिंदी शिपायांच्या पदकांवर नावंही आहेत.

वाचकांना एकच सांगणं. या दिवाळीत देव घासताना, पेटी आवरताना, एखादी गोल चकती हाताला लागली तर ती सोनाराकडं नेण्याआधी आणि चिंच लावण्याआधी एकदा तिची कड उजेडात धरा. दौंडचा नांगराचा बिल्ला मी पंखांच्या बाईशेजारीच ठेवला आहे. तिला आता चिंच लागत नाही. कुंकू मात्र आई अजून लावते. कडेला लागू देत नाही, एवढंच.